फोम रोलर आणि चेंडूने स्वतःच अंग मोकळे करणे : नेमकी किती अपेक्षा ठेवावी?

चाफा :

नमस्कार. माझे वय ४७ असून मी गेली २२ वर्षे मुंबईत हिशेबाच्या कामावर आहे. कल्याणहून सीएसएमटीला लोकलने जाण्यायेण्यात रोज सुमारे अडीच तास जातात आणि त्यातला बराचसा वेळ उजव्या हाताने वरची कडी धरून उभे राहण्यातच सरतो. दोन वर्षांपासून मान, उजव्या खांद्याच्या फऱ्याची आतली बाजू, कंबर आणि खुब्याची बाहेरची बाजू सतत दुखते. सकाळी उठताना अंग आखडलेले असते, ते चहा होईपर्यंत जरा सैल होते, आणि संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत फऱ्याच्या आत ठणका सुरू झालेला असतो. डॉक्टरांना दाखवले आहे. ड जीवनसत्त्व कमी निघाले होते, त्याचा कोर्स पूर्ण झाला. साखर आणि थायरॉइड ठीक आहेत. एक्स-रेमध्ये काळजीचे काही नाही असे सांगून त्यांनी व्यायाम करायला सुचवले.

महिन्याभरापूर्वी मी काही व्हिडिओ पाहिले. शरीरातला फॅशिया चिकटून त्याच्या गाठी होतात, फोम रोलरने, म्हणजे जमिनीवर ठेवून ज्यावर अंग फिरवतात त्या फोमच्या लांबट दंडगोलाने, जोर लावून त्या फोडल्या की वर्षानुवर्षांचे दुखणे जाते, असे त्यांत ठासून सांगितले होते. मी उंचवटे असलेला कडक रोलर मागवला. पहिल्या दिवशी रोलरवरून उठले तेव्हा अंग खरोखर हलके वाटले, आणि इतक्या दिवसांनी तसे वाटल्याने डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सगळे पूर्ववत होते. त्यामुळे मी रोज जास्त वेळ आणि जास्त जोर लावू लागले. आता मांडीच्या बाहेरच्या बाजूला हाताच्या पंजाएवढा काळानिळा डाग पडला आहे आणि त्या कुशीवर झोपवत नाही.

माझे चुकते आहे की हा उपायच तेवढ्यापुरता आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. दुखल्याशिवाय गाठ सुटत नाही हे खरे आहे का, आणि किती दिवसांत काय फरक पडावा अशी अपेक्षा धरणे योग्य ठरेल? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

पाऊलखूण :

चाफाताई, सर्वांत आधी एक विनंती : तो डाग पूर्ण जाईपर्यंत मांडीवर रोलर अजिबात फिरवू नका. त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त साकळले आहे, त्याचा अर्थ एवढाच होतो. गाठ सुटल्याची ती खूण नाही. मी १८ वर्षे फिजिओथेरपी करते आहे, आणि असे डाग अभिमानाने दाखवणारे रुग्ण अलीकडे वरचेवर येऊ लागले आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

फॅशिया म्हणजे काय, हे घरी कोंबडी साफ करणाऱ्याला सांगावे लागत नाही. कातडी सोलताना मांसाला चिकटलेला जो पांढुरका, पातळ आणि चिवट पापुद्रा ताणला जातो, तो फॅशिया. तो आपल्याही प्रत्येक स्नायूभोवती आहे. काही ठिकाणी तो अगदी तलम असतो, तर मांडीची बाहेरची बाजू, कंबर आणि तळपाय अशा भार पेलणाऱ्या जागी त्याचे जाड पट्टे झालेले असतात. हे पट्टे माणसाच्या वजनाने ताणून सैल करता येतील का, याचे गणित २००८ साली संशोधकांनी मांडले होते. मांडीवरचे आवरण आणि तळपायाचा पट्टा यांच्यात नुसता १ टक्का बदल घडवायलाही माणसाच्या शरीराच्या आवाक्याबाहेरचे बळ लागेल, असे त्यात निघाले. तेव्हा रोलरने फॅशिया वितळतो, चिकटलेले थर फाटून सुटे होतात किंवा विषारी द्रव्ये बाहेर पडतात, या सांगण्यावर विसंबून जोर वाढवू नये. मांडीच्या त्या पट्ट्याला आपल्या जोराने काहीच होत नाही, मार बसतो तो त्याच्या वरच्या आणि खालच्या मऊ भागाला.

मग पहिल्या दिवशी आपल्याला जे हलके वाटले ते काय होते? तो आराम पूर्ण खरा होता. त्वचा, फॅशिया आणि स्नायू यांत दाब ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोके दाट पसरलेली असतात. सावकाश आणि सोसवेल असा दाब त्यांच्यावर पडला की मेंदू आणि मज्जारज्जू त्या भागातून येणाऱ्या वेदनेचे संदेश काही काळ कमी करतात आणि स्नायूही आपली पकड ढिली करतो. कॅनडात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्या पोटरीत दुखरी जागा होती तिला हातही न लावता दुसऱ्या पायाच्या पोटरीवर रोलर फिरवला, तरी दुखऱ्या जागेची दाब सोसण्याची ताकद वाढली. आराम त्या जागेवरची गाठ फुटल्यामुळे मिळत असता, तर हे घडले नसते. मला स्वतःला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण तो कळल्यावर रुग्णाच्या हाताचा जोर आपोआप कमी होतो.

आपल्या घरांत पाठ तुडवून घेण्याची जुनी पद्धत आहे. दिवसभर राबून आलेला माणूस पालथा पडतो, घरातले लहान मूल भिंतीला हात टेकून त्याच्या पाठीवर पाय देते, आणि तो माणूस पाच मिनिटांत गाढ झोपतो. उद्या पुन्हा पाठ तुडवून घ्यावी लागणार, याची त्याला पुरती कल्पना असते आणि त्याबद्दल तो कुरकुर करत नाही. रोलरकडूनही साधारण तेवढीच अपेक्षा ठेवावी. रोलर फिरवल्यानंतर सांध्यांची हालचाल थोडी वाढते, पण ती वाढ बहुधा काही मिनिटेच टिकते, फार तर अर्धा तास. जर्मनीतील संशोधकांनी २०१९ साली २१ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आधी रोलर फिरवल्याने लवचीकपणात सरासरी ४ टक्के वाढ आणि व्यायामानंतर फिरवल्याने स्नायूंच्या दुखण्यात सरासरी ६ टक्के घट दिसली. हे अभ्यास मुख्यतः व्यायाम करणाऱ्या तरुण, निरोगी लोकांवर झालेले होते, त्यामुळे दोन वर्षांच्या जुन्या दुखण्याला ते आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, परंतु एकूण परिणाम किती माफक असतो ते त्यावरून लक्षात यावे.

दुखल्याशिवाय सुटत नाही, हा समज मनातून काढून टाकावा. दाब ओळखण्याची माझी खूण श्वासाची आहे. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे असह्य असे धरले, तर दाब पाचापर्यंत चालेल, आणि त्या दाबाखाली श्वास नाकाने संथ घेता आला पाहिजे. श्वास रोखला गेला, दात आवळले गेले किंवा पायाची बोटे वळली, तर शरीर त्या दाबाशी झगडते आहे असे समजावे आणि दाब कमी करावा.

आपल्या फऱ्यासाठी रोलर नकोच, टेनिसचा चेंडू घ्यावा. तो लांब मोज्यात घालून मोजा खांद्यावरून पाठीवर सोडावा, म्हणजे चेंडू निसटत नाही. भिंतीकडे पाठ करून पाऊलभर पुढे उभे राहावे आणि पाठीचा कणा व फरा यांच्या मधल्या मांसल भागावर चेंडू येईल असे टेकावे. कण्याच्या हाडावर किंवा फऱ्याच्या कडेवर तो येऊ देऊ नये. उजवा हात छातीवरून डाव्या खांद्याकडे नेला की फरा बाजूला सरकतो आणि नेमकी ठणकणारी जागा चेंडूखाली सापडते. गुडघे किंचित वाकवून चेंडू बोटभर वर-खाली फिरवावा, एका जागी ३० ते ६० सेकंद, आणि सगळे मिळून पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही. त्यानंतर लगेच ते अंग वापरावे : हात डोक्यावर न्यावेत, खांदे फिरवावेत, भिंतीला हात लावून दहा-बारा जोर काढावेत. दुखणे कमी असण्याची ती वीस-पंचवीस मिनिटे हाच या उपायाचा खरा फायदा आहे, आणि त्या वेळात केलेली हालचाल पुढे टिकते.

काही जणांनी मात्र हा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असलेले, हाडे ठिसूळ झालेले, पायांवर फुगलेल्या शिरा असलेले, मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेले आणि गर्भवती स्त्रिया यांनी विशेष जपावे. एकच पोटरी सुजली, गरम लागली आणि दुखू लागली, तर तिच्यावर रोलर फिरवण्याऐवजी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते. कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणे किंवा पायातली शक्ती कमी होणे हेही तातडीने दाखवण्याचे दुखणे आहे. कष्टाचे काम करताना छाती, जबडा, डावा हात किंवा दोन फऱ्यांच्या मधला भाग आवळल्यासारखा दुखला, तर हृदयाची तपासणी आधी करावी.

आणखी एक विचारायचे राहिले. सकाळचे आखडणे चहा होईपर्यंत सैल होते असे आपण लिहिले आहे. ते अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल आणि बोटांचे सांधे सुजत असतील, तर संधिवाताच्या दृष्टीने पुन्हा तपासून घ्या.

घाटवाट :

चाफाताई, मांडीच्या बाहेरच्या बाजूचा डाग वाचून राहवले नाही, म्हणून लिहितो आहे. मी मूळचा साताऱ्याचा. यवतेश्वरच्या घाटात धावण्याचा सराव करत असताना उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येऊ लागली. चढताना काही नसे, उतार लागला की तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला सुरीने कापल्यासारखे होई. व्यायामशाळेतल्या प्रशिक्षकाने खुब्यापासून गुडघ्यापर्यंतचा पट्टा आवळला आहे असे निदान करून त्यावर रोज दहा मिनिटे रोलर फिरवायला सांगितले. मी ते साडेतीन महिने नेटाने केले. रोलर गुडघ्याच्या चार बोटे वर आला की डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि एवढे दुखते म्हणजे काम होत असणार असे मी स्वतःला समजावत होतो. गुडघ्याच्या कळीत काडीचाही फरक पडला नाही.

शेवटी ज्यांच्याकडे गेलो त्या फिजिओथेरपिस्टनी मला एका पायावर उभे राहून हळूहळू खाली बसायला सांगितले. माझा गुडघा आत वळत होता आणि कंबर दुसऱ्या बाजूला झुकत होती. तो पट्टा मांडीच्या हाडाला आतून घट्ट बांधलेला असतो, तो लांबवता येत नाही, आणि त्याच्यावर पडणारा ताण कमी करायचा तर खुब्याचे स्नायू बळकट करावे लागतात, असे त्यांनी समजावून सांगितले. मग सहा आठवडे उताराचे धावणे बंद ठेवून कुशीवर झोपून पाय उचलणे, एका पायावरच्या बैठका आणि पायरीवरून सावकाश उतरणे एवढेच केले. आठव्या आठवड्यात पूर्ण घाट उतरलो.

रोलर मी टाकून दिलेला नाही. लांब पल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि मांडीचा पुढचा भाग जड होतो, तेव्हा मी तो फिरवतो आणि जिना उतरणे सुसह्य होते. त्याच्याकडे मी आता तेवढेच मागतो. साडेतीन महिने मी त्याच्याकडून भलतेच काम करून घेऊ पाहत होतो, याचे मात्र अजून वाईट वाटते.

निवांत :

पाऊलखूण यांनी मधुमेहाचा उल्लेख केला, तो वाचणाऱ्यांनी गंभीरपणे घ्यावा. माझ्या वडिलांना १९ वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाच दुखते म्हणून कोणीतरी त्यांना बर्फ झालेली पाण्याची बाटली तळपायाखाली फिरवायला सांगितले. टाचदुखीत हा उपाय अनेकांना बरा वाटतो, मलाही वाटला होता. वडील मात्र दूरदर्शनवरच्या बातम्या संपेपर्यंत बाटलीवर पाय ठेवून बसले, आणि गार लागून त्वचा जळते आहे हे त्यांना कळलेच नाही. रात्री पाय धुताना आईला टाचेजवळ पांढरा पडलेला, फुगलेला रुपयाएवढा भाग दिसला. ती जखम भरायला अकरा आठवडे लागले. घरातल्या वडीलधाऱ्यांना असा कोणताही उपाय सांगण्याआधी डोळे मिटायला लावून, कापसाचा बोळा तळपायाला कुठे लागतो ते त्यांना ओळखता येते का, एवढे तरी पाहावे, आणि जराही शंका आली तर डॉक्टरांना विचारावे.

माझ्या स्वतःच्या टाचेबद्दल लिहायचे तर चेंडूने सकाळची पहिली दहा पावले सोपी होत. दुखणे हटले ते पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा उचलण्याच्या व्यायामाने. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून हा व्यायाम दिवसाआड करण्याचा प्रयोग डेन्मार्कमध्ये झाला होता आणि २०१५ साली तो प्रसिद्ध झाला, असे माझ्या फिजिओथेरपिस्टनी सांगितले. नुसत्या ताणण्यापेक्षा त्याने तीन महिन्यांत जास्त गुण आला, पण वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच सुधारलेले होते. म्हणजे कोणत्याही उपायाला महिन्यांचा हिशेब लागतो. मला पाच महिने लागले.

चाफा :

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. बोटांच्या सांध्यांना सूज नाही आणि सकाळचे आखडणे दहा-पंधरा मिनिटांत जाते. रोलर कपाटात ठेवला आहे. भिंतीपाशी चेंडू लावून पाहिला. उजवा हात छातीवरून नेल्यावर ती नेमकी जागा चेंडूखाली आली तेव्हा आपोआप सुस्कारा निघाला. पण दोन शंका उरल्या आहेत. मानेला चेंडू लावावा का? आणि फऱ्यातली जागा मोकळी झाली की दुसऱ्या दिवशी दोन बोटे वर दुखते. गाठ सरकते की काय, असे वाटते.

पाऊलखूण :

मानेच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाला चेंडू, रोलर किंवा यंत्र यांपैकी काहीही लावू नये, कारण तिथून मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या जातात. मागे, कवटी जिथे संपते त्या कडेखाली, टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवून दोन मिनिटे उताणे पडावे आणि हनुवटी होकार दिल्यासारखी अगदी थोडी हलवावी, इतके पुरे. चक्कर आली, डोळ्यांपुढे धूसर झाले किंवा हाताला मुंग्या आल्या तर थांबावे आणि दाखवून घ्यावे.

जागा सरकते याचे नवल वाटू नये. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य जेनेट ट्रॅव्हेल यांनी अशा दुखऱ्या बिंदूंचे नकाशे बनवले, आणि १९८३ साली डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत त्यांनी लिहिलेल्या ग्रंथावर आमच्या पिढ्या शिकल्या. तरीसुद्धा एकाच पाठीवर दोन तज्ज्ञांची बोटे पुष्कळदा वेगवेगळी जागा दाखवतात. हाताला गाठीसारखे लागते ते बहुधा ताणलेले स्नायूच असतात आणि संवेदनशील झालेला भाग रोज थोडा इकडेतिकडे होतो. त्या जागेचा पाठलाग करत चेंडू फिरवत बसू नये.

आपल्या बाबतीत मला अधिक भरवसा वाटतो तो खांद्यांच्या बळावर. डेन्मार्कमध्येच मान-खांदे दुखणाऱ्या १९८ जणांवर, त्यांत बहुतेक कार्यालयात काम करणारे, एक अभ्यास झाला आणि २०११ साली प्रसिद्ध झाला. रबरी पट्ट्याने दोन्ही हात बाजूने खांद्यांच्या उंचीपर्यंत उचलण्याचा एकच व्यायाम, आठवड्यातून पाच दिवस, काहींना १२ मिनिटे आणि काहींना फक्त २ मिनिटे. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले. दोन मिनिटे कल्याणच्या गाडीआधीही निघतात. चेंडू आधी, पट्टा नंतर, असा क्रम ठेवा, आणि गाडीत कडी धरण्याचा हात दर तीन-चार स्थानकांनी बदला.

चाफा :

सात आठवड्यांनी लिहिते आहे. मी वहीत रोज संध्याकाळी सात वाजता दुखण्याचा आकडा लिहीत गेले. पहिल्या आठवड्यात तो ६ किंवा ७ होता. चेंडूनंतर तो ३ वर यायचा आणि जेवणे होईपर्यंत पुन्हा ५ व्हायचा, त्याचे मला आता वैषम्य वाटत नाही. तिसऱ्या आठवड्यापर्यंत संध्याकाळच्या आकड्यात काहीच बदल नव्हता, आणि त्या दिवसांत पुन्हा तो कडक रोलर काढावा असे दोनदा मनात आले. पाचव्या आठवड्यापासून तो बहुतेक दिवशी ४ असतो. मार्चअखेरच्या कामाच्या दिवसांत मात्र तीन रात्री ७ वर गेला होता. रबरी पट्टा लाल रंगाचा घेतला होता, आता त्याच्या पुढचा, जास्त जोर लागणारा वापरते. मांडीवरचा डाग गेला.

खुब्याची बाजू अजून तशीच दुखते आणि त्या कुशीवर झोपले की रात्री जाग येते, म्हणून येत्या शनिवारी फिजिओथेरपिस्टकडे वेळ घेतली आहे. वही सोबत नेणार आहे. एका पायावर बसून दाखवायला सांगतील तेव्हा घाटवाट यांची आठवण येईल.